पडद्याची बायकांकडची बाजू

सोलापूर,
गुरुवार, ता. १६ मार्च १९३९

प्रिय वेणू,

अक्काचे अनेक आशीर्वाद. हे पत्र हातात पडल्याबरोबर आधी कुठंतरी टेकून बैस. उभ्याउभ्या वाचून खिशात कोंबायचं हे पत्र नव्हे. मास्तर, म्हणजे तुझे भावजी, स्वतः स्टेशनावर जाऊन संध्याकाळच्या गाडीच्या टपालात ते टाकणार आहेत, म्हणजे शनिवारपर्यंत पुण्याला तुझ्या हाती पडेल. सोमवारच्या आत ते तुला मिळायलाच हवं. इकडे सगळे ठीक. पाडवा तोंडावर आलाय, उन्हानं आत्तापासूनच डोकं धरलंय, आडाचं पाणी तळाला गेलंय, आणि मी सकाळचा स्वयंपाक उरकून, ओटा तसाच टाकून लिहायला बसले आहे. ओटा न धुता मी काही करते आहे म्हणजे गोष्ट किती निकडीची असेल ते तूच समज.

तुझं मागचं पत्र इतक्या वेळा उघडलं की घडीवर फाटलं. ते मुंबईचं साप्ताहिकही मास्तरांनी वाचनालयातून मागून आणलं. तुझ्या पहिल्याच बोलपटावर त्याच्या संपादकानं चोरीचा शिक्का मारलाय. शेजारीशेजारी दोन छायाचित्रं छापलीत, एक वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा परदेशी मूकपटातलं आणि एक तुझ्या बोलपटातलं. दोन्हीकडे उंबऱ्यावर थबकलेली बाई, डोक्यावरून पदर घेतलेली, हातात कंदील, मागे वळून घरात पाहते आहे. फरक एवढाच की त्या परदेशी बाईच्या उजव्या हातात कंदील आहे आणि तुझ्या बाईच्या डाव्या. खाली लिहिलंय, माल ओळखू येऊ नये म्हणून चोरानं तो आरशात धरून चोरला. तू लिहितोस की ते चित्र तू जन्मात पाहिलेलं नाहीस, ते मुंबईला लागलं तेव्हा तू सोलापुरात पाच वर्षांचा होतास. ती बाई कुठल्या चित्रातली नाही, ती आपली आई आहे, आणि तिची तेवढी एकच आठवण तुझ्याजवळ आहे. सोमवारी कंपनीच्या मालकांपुढे, त्या संपादकाच्या तोंडावर, तू आईची शपथ घेऊन हेच सांगणार, आणि त्यांना नाही पटलं तर कंपनी सोडणार, कॅमेऱ्याला पुन्हा हात लावणार नाहीस. तुझा स्वभाव मला नवा नाही. लहानपणी गूळ चोरल्याचा आळ आला तर तू दिवसभर जेवला नव्हतास, आणि गूळ तूच खाल्ला होतास.

काल आम्ही तुझं चित्र पाहिलं. मी, मास्तर, शेजारचे चनमल्लप्पा विणकर आणि त्यांची कस्तुराबाई. आता बायकांना वरची गॅलरी असते, पण पडद्याच्या समोरून, पूर्वीसारखी मागून नव्हे. तुझं नाव पडद्यावर आलं तेव्हा खालून चनमल्लप्पांचा आवाज ऐकू आला, ते शेजारच्या माणसाला सांगत होते की हे पोर आमच्या गल्लीत नागडं हिंडायचं. मी हसले, आणि लगेच माझं हसू थांबलं. वेणू, लोक लिहितात की सांगायला शब्द नाहीत. मला तसं लिहायला आवडत नाही, पण काल माझी गत तीच झाली. गिरणीच्या भोंग्याबरोबर हजार पावलं निघतात आणि तू फक्त त्यांच्या सावल्या भिंतीवरून नेतोस. पाण्याच्या हंड्यावर उन्हाची तिरीप सरकत सरकत जाते आणि दुपार संपते. मी रोज हंडा घासते. त्याच्यावर असा उजेड पडतो हे मला माझ्या धाकट्या भावानं दाखवावं! कस्तुराबाई माझ्या कानाशी पुन्हा पुन्हा म्हणत होती, "लई भारी केलंय की वं तुमच्या भावानं." मग ती बाई कंदील घेऊन उंबऱ्यावर आली, तिच्याभोवती हवेत कापसाचे पुंजके तरंगायला लागले, आणि मी गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरला. का धरला ते सांगायला तुला एकोणीस वर्षं मागं न्यायला हवं.

१९२० सालच्या संक्रांतीत सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरला होता. आईला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. मानमोडीच्या साथीत ती तापानं अंथरुणावर पडली ती उठली नाही, आणि तुला लागण होऊ नये म्हणून वडिलांनी तुला आधीच टेंभुर्णीला मावशीकडे पोचवलं होतं. तू चार वर्षांचा. महिन्यानं परत आलास तर घरात आई नव्हती. तुला कुणी काही सांगितलं नाही, कारण कुणाला सांगता येईना. तू प्रत्येक खोलीत जाऊन पाहून यायचास आणि रोज रात्री रडून रडून झोपायचास. घर गिरिजाआत्यानं हातात घेतलं होतं, आणि जत्रेत सिनेमाचा तंबू लागलाय असं ऐकून तीच आपल्याला घेऊन गेली. आतमध्ये मधोमध मांजरपाटाचा मोठा पडदा टांगलेला. त्याच्या एका अंगाला यंत्र आणि पुरुषमंडळी, दुसऱ्या अंगाला आम्ही बायका. खेळ सुरू होण्याआधी एकानं बादल्या बादल्या पाणी मारून पडदा चिंब केला, म्हणजे चित्र कापडातून पार होऊन आमच्या बाजूलाही दिसावं. तू माझ्या मांडीवर होतास. पडद्याचं पाणी टपटप गळत होतं, ओल्या मांजरपाटाचा वास येत होता, कुणी शेंगा फोडत होतं. आणि एकदम ते कापड जिवंत झालं. देवळाच्या दरवाजाएवढं एका बाईचं तोंड आमच्यासमोर उभं राहिलं, तिनं डोळे मिटले आणि उघडले. आमच्या बाजूच्या निम्म्या बायकांनी हात जोडले. मीही जोडले. इतकी वर्षं झाली, पण अंधारात कापडावर उजेड पडला की अजून माझे हात आपोआप एकमेकांकडे जातात.

तुला आठवत नसेल, पण आत्या त्या दिवशी भयंकर रागावली होती. पडद्यावरचे सगळे गोरे डाव्या हातानं जेवत होते. डाव्या हातानं पाणी पीत होते, कागदावर सही करत होते. घरी येताना ती वाटभर म्हणत होती की डाव्या हातानं जेवणाऱ्यांचं राज्य टिकायचं नाही. पुढे एकदा शाळेच्या समारंभात तिनं एका साहेबाला उजव्या हातानं लिहिताना पाहिलं, तर म्हणाली, इथं राहून सुधारला. मरेपर्यंत तिचं हेच मत होतं. आम्ही पडद्याच्या उलट्या बाजूला बसलो होतो, म्हणून आम्हाला उजवं ते डावं दिसत होतं, हे आमच्यातल्या एकाही बाईच्या डोक्यात आलं नाही. मला ते कळायला लग्न व्हावं लागलं. मास्तरांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि मग त्यांनी पाटीवर आकृती काढून मला समजावलं.

त्या खेळात एक बाई होती. डोक्यावरून शाल घेतलेली, पण ओल्या कापडातून ती शाल कुठली कळायला, आम्हाला तो पदरच वाटला. तोंडही पुसट. पुरुषांकडच्या बाजूला एक माणूस काठी घेऊन उभा राहून पडद्यावरची अक्षरं वाचायचा आणि आपल्या भाषेत सांगायचा. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. "आता ही आई निघाली बरं का. पोरं झोपल्यात. भाईर बरफ पडतंय, आन् हिला धन्याला हुडकायला जायाचंय. बघा, मागं वळून बघतीया. आता काय ही परत यायची न्हाय." बर्फ कशाला म्हणतात ते आम्हाला काय ठाऊक! आत्या म्हणाली, गिरणीतला कापूस उडतोय. बाईनं कंदील डाव्या हातात उचलला, म्हणजे आमच्याकडून डाव्या, वळून आत पाहिलं आणि त्या कापसातून निघून गेली.

आता तुझ्या लक्षात आलं असेल. आज सकाळी मी ते साप्ताहिक माझ्या फणेरपेटीच्या आरशासमोर धरलं. परदेशी चित्रातली बाई आरशात उलटी झाली, आणि वेणू, ती तंबूतली बाई होती. तोच दरवाजा, तीच मान. तुझी बाईही तीच. कापूससुद्धा तू सोडला नाहीस. ज्या गल्लीत ती राहते तिथं गिरणीही नाही आणि पिंजाऱ्याचं दुकानही नाही, तरी तिच्याभोवती कापूस उडतोय, आणि पुण्यातले विद्वान त्याला काव्य म्हणताहेत. तो आत्याचा कापूस आहे. तू ते चित्र पाहिलंयस. माझ्या मांडीवर बसून, बायकांच्या बाजूनं.

आणि आता जे सांगायला मी कालपासून धडपडते आहे ते. ती बाई दिसेनाशी झाली तेव्हा तू माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलंस आणि विचारलंस, "अक्का, ही आपली आई?" त्या माणसाच्या तोंडून तू 'आई' एवढंच ऐकलं असणार. मी तेरा वर्षांची होते. सव्वा वर्ष रोज रात्री तुला थोपटून माझा हात दुखून यायचा, आणि मलाही रडायचं असायचं, पण तू आधी सुरू करायचास. मी म्हटलं, "होय." तू त्या रात्री न रडता झोपलास. दुसऱ्या दिवशी विचारलंस, कुठं गेली, मी म्हटलं, लांब. मग मोठेपणी विचारलंस, आई कंदील घेऊन गेली होती ना, आणि मी हो म्हटलं. एकदा तोंडातून गेलेलं खोटं मी पुढे पोसत राहिले. गेल्या दिवाळीत तू हा प्रसंग लिहीत होतास, तेव्हा तुझं कार्ड आलं की आई डावरी होती ना, मला पक्कं आठवतंय. मी उत्तर दिलं, आठवतंय तर बरोबरच असेल. आई डावरी नव्हती, वेणू. आणि आपल्या घरी कंदील नव्हताच, चिमणी होती. कंदील आला तो आत्याबरोबर. आई घराबाहेर चालत गेली नाही. माजघरात, माझ्यासमोर गेली. ज्या आईची तू सोमवारी शपथ घेणार आहेस ती कुणी परकी बाई आहे, आणि तिला तुझ्या डोक्यात मी बसवलंय. चूक माझी आहे, तिचा डाग तुझ्या कामावर पडायला नको.

काल थेटरातून घरी येताना मी दोन पावलं मागून चालत होते. मास्तर त्या आरोपाबद्दल बोलत होते, तर चनमल्लप्पा म्हणाले, "मास्तर, नक्षी कुटं कुणा एकाची असती? मी सासऱ्यांच्या लुगड्यावरनं उचलली, त्यांनी गदगच्या कुणाच्या तरी. ती जर चोरी, तर सगळं सोलापूर तुरुंगात बसंल की. आन् मागावर बसलं की आमाला उलटीच बाजू वर दिसती, सुलटी गिऱ्हाइकाला. पर माझ्या काठावरचा मोर बघा तुमी. मान जरा वाकडी हाय. ती कुणाची न्हाय, माझी हाय. मी करतो म्हनून न्हाय, हात करतोय." मला तुझं जुनं पत्र आठवलं, तुमचे मोठे दिग्दर्शक तुम्हा पोरांना एकेक परदेशी चित्र सहा सहा वेळा दाखवायला नेतात आणि तुम्ही अंधारात वहीवर न बघता रेघा ओढता, ते. मला वाटतं त्या कंदीलवाल्या बाईलाही कुणीतरी आधी कुठंतरी पाहिलं असणार, कुठल्या दुसऱ्या पडद्यावर, कुठल्या दुसऱ्या अंधारात. किती समुद्र ओलांडून ती आपल्या गड्ड्यावर आली, भिजल्या कापडातून गळून आत्यापर्यंत पोचली, माझ्या मांडीवरच्या पोरात जाऊन बसली आणि एकोणीस वर्षांनी लुगडं नेसून बाहेर आली. मला हे सगळं इतकं मोठं वाटतं की कुणाला चोर म्हणावं तेच कळेना. रात्री मी मोराचाच विचार करत पडले होते. तुझ्या त्या प्रसंगात वाकडी मान कुठं आहे, ते शोधत होते. खरं तर ती मी थेटरातच पाहिली होती, फक्त माझ्या ध्यानात पहाटे आलं.

तुझी बाई बाहेर पडते, दार ओढून घेते, खोलीत मिट्ट काळोख होतो. कंदील आणि कापूस बाहेर राहतात, पण तुझा कॅमेरा आतच थांबतो, खाली, जमिनीलगत, जिथं पोरं निजलीत. आणि मग दार पुन्हा जरासं लोटलं जातं. फटीतून तिची चार बोटं आत येतात, एकमेकांना चिकटलेली, उभी. क्षणभर थांबतात आणि निघून जातात. फट तेवढीच राहते, आणि तिच्यातून उजेडाची पट्टी फरशीवरून पोरांच्या अंथरुणापर्यंत येते. त्या परदेशी चित्रात हे नाही. तिथं ती बाई दार सताड टाकून जाते आणि सगळा कापूस आत येतो. मला पक्कं आठवतंय, कारण आत्या मोठ्यानं म्हणाली होती, दार उघडं टाकून गेली अवदसा. मग ही बोटं कुणाची? वेणू, उन्हाळ्यात दुपारी आई तुला माजघरात निजवायची. दार पुरतं लावलं तर तू काळोखाला भिऊन किंचाळायचास, उघडं ठेवलं तर उजेडानं जागा व्हायचास. म्हणून ती दार ओढायची, पुन्हा जरा लोटायची, आणि फटीत उजव्या हाताची चार बोटं घालून माप घ्यायची. "चार बोटं उजेड पुरे माझ्या राजाला," असं म्हणायची, आणि आम्ही दोघी अंगणात पापड वाळत घालायला जायचो. मी हे साफ विसरले होते. तुला कधी सांगितलं नाही. वडील त्या वेळी कचेरीत असायचे, आणि आत्या आपल्या घरी आली ती आई गेल्यावर. तुला हे कुणीही सांगितलेलं नाही. तुझी बाई कंदील डाव्या हातात धरते, पण बोटं आत घालते ती उजव्या हाताची.

म्हणून सोमवारी शपथ घेऊ नकोस. खरं सांग. सांग की ते चित्र मी पाहिलं आहे, पाच वर्षांचा असताना, बहिणीच्या मांडीवर, पडद्याच्या मागच्या बाजूनं. कंदील त्यांचा, कापूस माझ्या आत्याचा, आणि ती चार बोटं माझ्या आईची. त्यांना हसायचं तर हसू देत, हवं तर हे पत्र त्यांच्यापुढे ठेव. पण काम सोडू नकोस. मी खोटं बोलून तुला एक आई दिली होती, ती आज या पत्रानं परत घेते आहे, आणि त्याबद्दल तू माझ्यावर कितीही रागावलास तरी मी ऐकून घेईन. पण तुझ्याजवळ आई नाही असं समजू नकोस. ती मी काल पाहिली. आणि हे पत्र लिहायचं खरं कारण नुसतं सोमवार नाही, वेणू. मी दाराच्या बाहेर उभी असायची, हातात पापडाची पाटी घेऊन. मला तिची पाठ दिसायची आणि कोपर दिसायचं. आतून ती बोटं कशी दिसायची, त्यांच्यामागे तिचं तोंड थोडं तरी दिसायचं का, हे मला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी काल पहिल्यांदा कळायला लागलं, आणि तेवढ्यात तुझं चित्र पुढं सरकलं. पाडव्याला सुट्टी मिळाली तर ये. माजघराचं दार चार बोटं उघडं ठेवून मी बाहेर उभी राहीन आणि तू आत जाऊन निज, आणि तुला काय दिसतं ते मला सांग.

तुझीच,
अक्का